सन १९२६, प्रवरेच्या काठावरून

संगमनेर

चि. माऊ,



भंडारदरा धरणाच्या शताब्दीची स्मरणिका निघते आहे, तिच्यासाठी ‘१९२६ सालातल्या देशभरच्या ठळक घटना’ असं एक पान लिहून दे, असं तू परवा फोनवर म्हणालीस. ते पान मी देईन. पण लिहायला बसले आणि जाणवलं, की तारखेखाली तारीख मांडत गेलं तर ते वर्ष ना दिल्लीचं राहतं ना धरणाजवळच्या शेंडी गावाचं. म्हणून आधी हे पत्र. तू पाटबंधारे खात्यात रुजू झाली आहेस, प्रवरेच्या आवर्तनाचे कागद उद्या तुझ्या सहीने पुढे जातील. तुझ्याबरोबर नेमणूक झालेल्या मुलामुलींनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी ते पाकिटात न घालता उघडंच धाडते आहे.

आपल्या तारखेपासून सुरुवात करू. १० डिसेंबर १९२६ या दिवशी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी भंडारदऱ्याच्या धरणाचं उद्घाटन केलं. धरणाला त्यांचं नाव मिळालं, विल्सन डॅम. मागच्या जलाशयाला आर्थर हिल यांचं. काम सुरू झालं होतं १९१० मध्ये. म्हणजे पहिलं महायुद्ध, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, असहकाराची चळवळ, हे सगळं या धरणाचे थर वर चढत असताना घडून गेलं. दगड आणि चुना यांचं २७० फूट उंचीचं बांधकाम, त्या काळात देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. पोटात अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट पाणी. हे आकडे तुला पाठच असतील. पण तो आकडा आपल्या जिल्ह्यासाठी काय होता, हे कळायचं तर नकाशाकडे बघावं लागतं.

आपल्यासारखा जिल्हा क्वचितच असेल. पश्चिमेच्या टोकाला घाटघर, रतनगड, कळसूबाई. तिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला उतरत गेलं, की नगर, पारनेर, कर्जत, पाथर्डीकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. एकाच जिल्ह्यात पुराची भीती आणि टँकरची वाट, दोन्ही. १८७५ साली सावकाराच्या वह्या जाळणारे दंगे पुणे आणि नगर याच दोन जिल्ह्यांत पेटले होते. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ, मग १८९६ चा, मग शतक संपतानाचा. सरकारने १९०१ मध्ये पाटबंधाऱ्यांचा विचार करायला कमिशन नेमलं, त्यामागे हे दुष्काळ होते. दुष्काळी कामांवर पुन:पुन्हा खर्च करण्यापेक्षा सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात न्यावं, असा तो हिशेब. त्यातून दारणा धरण उभं राहिलं आणि गोदावरीचे कालवे कोपरगावकडे आले. त्यातूनच भंडारदरा झालं, आणि नीरेच्या खोऱ्यातलं भाटघर. प्रवरेचं पाणी भंडारदऱ्यातून नदीपात्रातच सोडायचं, रंध्याच्या धबधब्यावरून ते खाली येऊ द्यायचं, आणि आपल्या संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्याशी उचलून डाव्या-उजव्या कालव्यात घालायचं, ही ती रचना. शंभर वर्षं ती चालते आहे. ज्यांनी ती आखली त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्याने तो कमी होत नाही.

आता वर्षाकडे. त्याच डिसेंबर महिन्यात देशात काय काय चाललं होतं बघ. एक तारखेला मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडूंनी एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध हिंदू संघाकडून १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार. तेवीस तारखेला दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला. कलकत्त्यात एप्रिलमध्येच दंगली होऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्या खुनाने सगळा देश हादरला. महिनाअखेरीस गुवाहाटीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष श्रीनिवास अय्यंगार. आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले. राजवाड्यांकडे मी पत्राच्या शेवटी परत येणार आहे, त्यांचं तुझ्याशी काम आहे.

दिल्लीचं सांगायचं तर एप्रिलमध्ये व्हाइसरॉय बदलले, लॉर्ड रीडिंग जाऊन लॉर्ड आयर्विन आले. कामगार संघटनांना मान्यता देणारा ट्रेड युनियन कायदा याच वर्षी झाला. नोव्हेंबरात मध्यवर्ती आणि प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. बायकांना कायदेमंडळासाठी उभं राहण्याची मुभा त्याच सुमारास मिळाली आणि मद्रासेत कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या. थोडक्या मतांनी हरल्या, पण उभ्या राहिल्या. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९२७ मध्ये, पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. विषय होता मुलींचं शिक्षण. धरणावर काम करणारी अभियंता मुलगी आपल्या घरात आहे, तेव्हा ही ओळ स्मरणिकेतून वगळू देऊ नकोस.

गांधीजी मात्र त्या वर्षी जवळजवळ सगळा काळ साबरमतीला होते. दौरे नाहीत, सभा नाहीत. आश्रमात गीतेवर बोलायचे आणि नवजीवनमध्ये आत्मकथेची प्रकरणं लिहायचे. चळवळ थंडावली होती. याच वर्षी इकडे आपल्या नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांच्या मौनाला पहिलं वर्ष पुरं झालं. १० जुलै १९२५ ला त्यांनी बोलणं थांबवलं ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत. शिर्डीला साईबाबा जाऊन आठ वर्षं झाली होती, साकुरीला उपासनी महाराज होते. बाहेरच्या जगाला नगर जिल्हा माहीत होऊ लागला तो या जागांमुळे.

पण माऊ, त्या वर्षाचा गाभा मला वेगळीकडे दिसतो. १९२६ हे आपल्याकडे पाण्याचं वर्ष आहे, आणि ते केवळ भंडारदऱ्यामुळे नाही.

५ ऑगस्टची गोष्ट. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९२३ मध्ये, त्यांनीच मांडलेला ठराव कौन्सिलने मंजूर केला होता. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने तसा हुकूमही काढला होता. बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हा हुकूम पाळत नाहीत त्यांचं अनुदान सरकारने थांबवावं. पाण्याचा हक्क नुसता कबूल करून भागत नाही, तो नाकारणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस त्या सभागृहात होता.

त्या वर्षी डॉ. आंबेडकर मुंबईत वकिली करत होते. जुलैत त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. ते दु:ख पोटात ठेवून त्यांनी पुण्याच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरच्या खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू लढवली आणि आरोपी सुटले. वर्ष सरताना गव्हर्नरांनी त्यांना कायदे कौन्सिलवर नेमलं. हे गव्हर्नर म्हणजे तेच, धरणाचं उद्घाटन करणारे लेस्ली विल्सन. पुढे २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. मी कॅलेंडर घेऊन मोजलं. भंडारदऱ्याच्या उद्घाटनापासून तो बरोबर शंभरावा दिवस आहे.

या शंभर दिवसांचा विचार कर. एका टोकाला अकरा टीएमसी पाणी अडवण्याची ताकद, मोजमाप, यंत्रं, चुना-दगडाचा पर्वत. दुसऱ्या टोकाला माणसाला एक ओंजळ पाणी मिळण्यासाठी हजारोंनी चालत जावं लागतं, आणि परत येताना त्यांना मार खावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच इलाख्यात, एकाच सरकारच्या नजरेखाली घडल्या. धरणाचं पाणी शेतात पोचलं म्हणून ते गावातल्या सगळ्यांपर्यंत पोचतं असं नाही, हे १९२६ च्या माणसांना दिसत होतं. तुला ते सारखं दिसत राहावं म्हणून हे इतकं लांबण लावते आहे.

दुसरा माणूस आपल्याच जिल्ह्याचा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, सेनापती बापट. १९२१ पासून त्यांनी मुळशीच्या मावळ्यांची बाजू घेतली होती. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं बुडणार होती आणि शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणामुळे उठावं लागणाऱ्या माणसांनी केलेला तो देशातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक. शेवटी १९२४ मध्ये बापटांनी प्रकल्पाची आगगाडी अडवली, त्यात गोळ्या सुटल्या आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे १० डिसेंबर १९२६ ला, आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गव्हर्नरसाहेब धरण देशाला अर्पण करत होते तेव्हा, याच जिल्ह्यातला एक माणूस धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी तुरुंगात होता. १९३१ पर्यंत तो सुटला नाही.

बापट विकासाच्या विरोधात होते असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. मला ते पटत नाही. ते इंजिनिअरिंग शिकायला शिष्यवृत्ती घेऊन विलायतेला गेलेले, यंत्राचं त्यांना वावडं नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा होता: ज्याची जमीन जाते त्याला विचारलं का? हा प्रश्न भंडारदऱ्यालाही लागू होतो. त्या खोऱ्यात राहणारे महादेव कोळी आणि ठाकर. भात, नागली, वरई पिकवणारी माणसं. जलाशय भरला तेव्हा खाचरं गेली ती त्यांची. मुळशीला बापट मिळाले, वृत्तपत्रं मिळाली, पुण्याचं पाठबळ मिळालं. अकोले तालुक्याच्या डोंगरात तसा आवाज उठला नाही. पाणी त्यांच्या अंगणातून निघालं आणि साठ-सत्तर मैल खाली जाऊन दुसऱ्याच्या शेतात सोनं झालं.

त्या सोन्याचीही गोष्ट सांगायला हवी, कारण आपण तेच खाऊन मोठे झालो. धरण पुरं होण्याआधीच पाटाला पाणी खेळू लागलं होतं आणि हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला होता. त्यासाठी कंपनीकडे मोठं क्षेत्र गेलं. पुढे टिळकनगर वगैरे कारखाने निघाले तेव्हा आणखी शेतकऱ्यांनी जमिनी खंडाने दिल्या. ‘खंडकरी’ हा आपल्या भागातला रोजचा शब्द तिथून आला. आज ज्याला श्रीरामपूर म्हणतो ते तेव्हा बेलापूर रोड स्टेशनच्या भोवतीची वस्ती होती, स्टेशनचं नाव अजून बेलापूरच आहे. गुजर, मारवाडी, माळी, सासवडकडची, सिन्नरकडची माणसं पाण्याच्या मागे आली. पुंड्या ऊस, त्याला बारा-अठरा महिने पाणी, मग गुऱ्हाळ. रात्री भट्ट्या पेटलेल्या असायच्या असं आजोबा सांगायचे. आपलं शेत पाटाच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्यामुळे त्यांच्या आठवणीत भट्टीपेक्षा कंदील घेऊन चारीवर जागून काढलेल्या रात्री जास्त होत्या. हेडला पाणी फोडलं की टेलला शेवाळ तेवढं यायचं.

आता इथे १९२६ मधली एक दिल्ली-लंडनकडची घटना येते, जी ‘ठळक घटनां’च्या यादीत एका कोरड्या ओळीत असते: हिल्टन यंग कमिशनचा अहवाल. रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स धरावा, असं त्यांनी सांगितलं. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास या कमिशनच्या सभासदांनी वेगळं मत नोंदवलं, भाव एक शिलिंग चार पेन्सच असू द्या. दोन पेन्सांवरून देशभर वाद झाला. तो आपल्या गुऱ्हाळाशी बसून समजून घे. एक पौंड किमतीची जावाची साखर मुंबई बंदरात उतरली. सोळा पेन्सांचा रुपया असेल तर तिला पंधरा रुपये पडतात. अठरा पेन्सांचा असेल तर तेरा रुपये पाच आणे. बाहेरची साखर रुपयामागे जवळपास दोन आण्यांनी स्वस्त. तिच्याशी टक्कर कुणाची? राहुरी-राहात्याच्या गुळाची, हरेगावच्या साखरेची. बाजारात तो भाव आधीच आला होता, कमिशनने तो पक्का करायला सांगितला आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. पुढे १९३२ मध्ये साखरेला जकातीचं संरक्षण मिळेपर्यंत आपल्या बागायतदाराने पाणी भरून पिकवलेला ऊस लंडनमध्ये ठरलेल्या भावाशी झगडत होता. धरण बांधून दिलं त्याच सरकारने, आणि रुपयाही ठरवला त्याच सरकारने.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीसाठी शाही कमिशन नेमलं गेलं. देशभर फिरून त्यांनी साक्षी घेतल्या, १९२८ मध्ये अहवाल आला, बियाणं, जनावरं, संशोधन, सगळ्यावर लिहिलं. मात्र नेमतानाच सांगून ठेवलं होतं, की जमिनीची मालकी, कूळवहिवाट, शेतसारा आणि पाणीपट्टीची आकारणी या विषयांना हात लावायचा नाही. शेतीचा विचार करायचा आणि जमीन कुणाची, पाण्याचे पैसे किती, एवढं सोडून करायचा! तुझ्या खात्यात अशी कमिशनं, समित्या तुला पुष्कळ भेटतील. नेमणुकीच्या कागदात काय वगळलं आहे ते आधी वाचत जा.

मात्र त्या काळातल्या आपल्या लोकांनी नुसती वाट बघितली नाही. १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवायला सहकारी पतपेढी काढली होती. १९२६ मध्ये ती तीन वर्षांचं पोर होती. तिच्यातूनच माणसांना हिशेबाची, एकत्र बसण्याची सवय लागली आणि १९५० मध्ये, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहतांच्या साथीने, शेतकऱ्यांनी स्वत:चा साखर कारखाना प्रवरेच्या काठी चालू केला. गाडगीळांनी त्याआधी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाचा सविस्तर अभ्यास केला होता. कालवा नसलेल्या गावांशी तुलना करून, पाण्याने उत्पन्न किती वाढलं, मजुरी किती मिळाली, हे मोजणारं ते काम १९४८ मध्ये गोखले संस्थेने छापलं. तुझ्या टेबलावर ते पुस्तक असायला हवं. पाण्याचा फायदा सरकारी महसुलाच्या पलीकडे जाऊन मोजायचा कसा, हे त्यात आहे.

आणि या सहकाराच्या गोष्टीतही दोन माणसं आपण मागे ठेवली. एक खंडकरी. त्यांच्या जमिनी कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्यांच्या नातवांना त्या परत मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या करून. दुसरी ऊसतोड करणारी, कोयता घेऊन येणारी जोडपी. बीडकडची म्हणून आपण सांगतो, पण पाथर्डी-शेवगाव आपल्याच जिल्ह्यात आहेत. ज्या तालुक्यांकडे पाट गेला नाही, त्या तालुक्यांतली माणसं पाट असलेल्या तालुक्यात ऊस तोडायला येतात. त्या काळात कालव्याची रेघ जिथे आखली गेली, तिथेच जिल्ह्याचे दोन भाग पडले. शंभर वर्षांत ती रेघ फार हलली नाही. भरपूर पाणी लागलेल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या, तेही याच रेघेच्या आतलं दु:ख आहे आणि तुला त्यावर काम करावं लागेल.

धरणालाही मधे म्हातारपण आलं होतं. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, पाणी फुटायला लागलं, मग मागून टेकू देऊन ती बळकट केली. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला निळवंड्याचं धरण झालं, आणि त्याच्या कालव्याला पाणी सुटलं २०२३ मध्ये, पन्नास वर्षांहून अधिक वाट पाहून. तळेगाव दिघेकडची माणसं त्या दिवशी पाटाच्या कडेला उभी राहून रडली, हळदीकुंकू वाहिलं. दुसरीकडे पैठणच्या जायकवाडी धरणाला वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळी वर्षी आपण आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतो. माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते आपल्या गावात कुणाला आवडत नाही: पैठणच्या खालचा माणूसही तहानेलाच आहे, कायद्याने ठरलेलं पाणी गेलं पाहिजे. नदी नेवाशावरून प्रवरासंगमाला जाते आणि गोदावरीला मिळते. ती आपल्या तालुक्यापाशी संपत नाही.

आता तुझं काम. स्मरणिकेत गव्हर्नरांचा फोटो येईल, धरणाची उंची येईल, पालकमंत्र्यांचा संदेश येईल, माझं ठळक घटनांचं पानही येईल. येऊ दे. पण त्याच्या आधीचं पान तू लिही. राजवाडे आठव. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करायला तो माणूस गावोगाव, घरोघर हिंडला, माळ्यावरची दप्तरं उतरवली, बावीस खंड छापले. सरकारी कागदात जो इतिहास नाही तो लोकांच्या घरात असतो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. भंडारदऱ्याच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींची दप्तरं नाहीत, तिथे माणसांची तोंडं आहेत. रतनवाडी, कोलटेंभे, पांजरे, उडदावणे, मुरशेत, घाटघर, साम्रद या गावांत जा. जीप घेऊन साहेबासारखी जाऊ नकोस. तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बस आणि विचार, की तुमच्या आजाचं खाचर कुठे होतं, किती होतं, त्याचं काय मिळालं, ते कुठे उठून गेले. नावं लिहून घे, कुणाच्या तोंडून ऐकलं तेही लिही. आणि हेही विचार, की मे महिन्यात तुमच्या वाडीला पिण्याचं पाणी कुठून येतं. धरणाच्या काठावरच्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर चढतात, ही गोष्ट शताब्दीच्या वर्षात कुठल्याही अधिकाऱ्याला झोप लागू देणारी नाही.

ती नावं स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छाप. वरचे लोक नको म्हणाले तर मला कळव, आम्ही चार निवृत्त शिक्षक मिळून वेगळी पुस्तिका काढू, खर्चाची चिंता करू नकोस. पहिली प्रत रतनवाडीत दे, मुंबईत नंतर. आणि त्या वाड्यांच्या नळपाणी योजनेचा प्रस्ताव तुझ्या कार्यालयातून दहा डिसेंबरच्या आत पुढे जाईल असं बघ.

तुझी,
आत्या